ट्रेलर जोडला की मागचं दिसत नाही, आरसा थरथरतो: टोइंग मिररची नेहमीची कटकट आणि ती कशी सोडवायची

मंडळी, "ट्रेलर घेतलाय, टोइंग मिरर कुठले घेऊ" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो. टोइंग मिरर म्हणजे ट्रेलर ओढताना त्याच्या बाजूने मागचं दिसावं म्हणून गाडीच्या बाहेर जास्त आलेले आरसे. मी टेक्सासमधे डॅलसच्या बाजूला राहतो, हाफ-टन (मोठ्या पिकअपमधली सगळ्यात हलकी) पिकअप आहे आणि मागे २६ फुटी, ८ फूट रुंद ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. आधी स्वतःच्या गाडीवर, मग मित्रांच्या, मग कॅम्पग्राउंडवर शेजारच्या साइटवर उतरलेल्या अनोळखी लोकांच्या गाड्यांवर हेच काम करत आलोय. आणि बहुतेक वेळा काय निघतं, तर माणूस नवीन आरसे ऑर्डर करायच्या बेतात असतो आणि दोष भलतीकडेच असतो. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय, आधी फुकटातलं, मग पाच-दहा डॉलरचं, मग खरेदी, आणि दाराचं पॅनल काढायचं काम सगळ्यात शेवटी.

मला हे इतकं मनाला का लागलंय तेही सांगतो. पहिल्याच मोठ्या ट्रिपला आम्ही पालो ड्युरो कॅन्यनला निघालो होतो, २८७ हायवेने, विचिटा फॉल्स मागे टाकलं होतं आणि आडवा वारा सुटला होता. पुढे एक हळू चाललेला ट्रक, मी डावा आरसा बघितला, रिकामा, सिग्नल दिला आणि सरकायला लागलो तेवढ्यात हॉर्न. एक छोटी सेडान माझ्या ट्रेलरच्या मागे चिकटून येत होती आणि नेमकी त्याच क्षणी ओव्हरटेकला बाहेर पडली होती. ती मला दिसलीच नव्हती. मी परत आत आलो, काही झालं नाही, पण मागच्या सीटवर मुलं होती आणि पुढची वीस मैलं मी एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी माझ्या गाडीवर कंपनीचे साधे आरसे होते आणि मला वाटत होतं की दिसतंय की सगळं.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं आहे ते ओळखा.

आरशात आतल्या बाजूला नुसती ट्रेलरची भिंतच भिंत दिसते आणि रस्ता एका चिंचोळ्या पट्टीत. किंवा रस्ता भरपूर दिसतो पण सगळा खालचा, ट्रेलरची चाकं आणि डांबर, क्षितिज नाहीच. किंवा ५५-६० मैलांच्या वेगाला चित्र थरथरायला लागतं, मागच्या गाडीचे दोन दिवे दोन रेघा होऊन जातात. किंवा क्लिप-ऑन, म्हणजे मूळ आरशावर अडकवायचा, आरसा लावलाय तो दर पन्नास मैलांनी खाली मान टाकतो. किंवा एखादा अठराचाकी ट्रक बाजूने गेला की आरसा आत दुमडतो. किंवा आरसे बदलून घेतले आणि त्यानंतर शिट्टी वाजते, सिग्नल फास्ट ब्लिंक होतो, आरशाची हीटिंग चालत नाही, डॅशवर ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या जागेवर लक्ष ठेवणाऱ्या सेन्सरचा) मेसेज येतो. आणि एक लक्षण आरशाचं नसतंच, आरशात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलताना दिसतो. त्याचं शेवटी लिहिलंय, पण ते असेल तर आधी तेच वाचा, बाकीचं नंतर.

पहिली तपासणी, फुकट: ट्रेलर जोडून, सामान भरून मगच आरसा सेट करा

बरेच जण घरी ड्राइव्हवेमधे, ट्रेलर न जोडता आरसे सेट करतात. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन हिचच्या बॉलवर, म्हणजे पिकअपच्या मागे ट्रेलर अडकतो त्या गोळ्यावर, येतं, म्हणजे ६००० पौंडांचा ट्रेलर असेल तर ६०० ते ९०० पौंड. तेवढं वजन पाठीवर आलं की पिकअपचं बूड बसतं आणि नाक वर होतं, आणि आरसा मागे तोंड करून असल्यामुळे त्याची नजर खाली जाते. म्हणून वरचं "नुसतं डांबर दिसतं" हे लक्षण. यात आरशाचा काहीच दोष नाही. ट्रेलर जोडा, वेट डिस्ट्रिब्यूशनचे बार (ट्रेलरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारे) लावत असाल तर ते लावा, सीट तुमच्या नेहमीच्या जागेवर घ्या, पाठ टेकून बसा, आणि मग सेट करा. आतल्या कडेला ट्रेलरची भिंत अगदी बोटभर दिसली पाहिजे, बास. अजिबात दिसली नाही तर ट्रेलर कुठे आहे याचा अंदाज येत नाही, आणि पाव काच भिंतीनेच भरली असेल तर तेवढी काच वाया गेली. क्षितिज काचेच्या मध्याच्या थोडं वर.

बूड फारच बसलेलं दिसत असेल, म्हणजे समोरून येणारे हेडलाइट मारून इशारा देतायत वगैरे, तर आरसा सोडा आणि आधी वजनाकडे बघा.

यातच दुसरं फुकटातलं काम. आरसा बाहेर येतो का ते बघा! बऱ्याच पिकअपना कंपनीकडूनच टोइंग मिरर आलेले असतात, काही हाताने बाहेर ओढायचे, काही बटणाने बाहेर येणारे, रॅम कंपनीच्या पिकअपमधे आडव्याचा उभा फिरवायचा. गेल्या वर्षी एका कॅम्पग्राउंडवर एक रिटायर्ड जोडपं भेटलं, काकांनी सेकंडहँड पिकअप घेतलेली, दोन सीझन ट्रेलर ओढत होते आणि काकू सांगत होत्या की यांना उजवीकडचं दिसत नाही म्हणून मी सारखी मान वळवून बघत असते. मी आरशाचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, दोन्ही हातांनी धरून सरळ बाहेर ओढलं, जरा जड होतं कारण कधी हललेलंच नव्हतं, आणि ते चार बोटं बाहेर आलं. काकू आत बसून बघत होत्या, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. सेकंडहँड गाडी घेतली की आधीचा मालक हे सांगत नाही. म्हणून ओढून बघा, जोर लावायचा पण झटका द्यायचा नाही.

दुसरी तपासणी, एक टेप आणि एक माणूस

मापं घ्या, ट्रेलरची रुंदी आणि पिकअपची आरशाच्या टोकापासून टोकापर्यंतची रुंदी. अमेरिकेत ट्रेलरची कमाल रुंदी सर्वसाधारणपणे १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट, आणि बरेच ट्रॅव्हल ट्रेलर ९६ इंची असतात. पिकअपची बॉडी आरसे सोडून साधारण ८० इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना ट्रेलर आठ ते अकरा इंच बाहेर. उजव्या बाजूला मोजताना ऑनिंग, म्हणजे ट्रेलरच्या भिंतीवरचं कापडी छप्पर, विसरू नका, गुंडाळलेली ऑनिंग भिंतीच्या बाहेर काही इंच येते आणि ती असते उजव्याच बाजूला, त्यामुळे डावीकडे पुरणारा आरसा उजवीकडे कमी पडतो. "डावीकडचं दिसतं, उजवीकडचं नाही" म्हणणाऱ्यांचं कारण बऱ्याचदा हेच.

आता हे इंच इतके महत्त्वाचे का, तेवढं गणित करून दाखवतो कारण हे समजलं की आरसा निवडणं सोपं होतं. समजा काचेचा तुम्ही वापरता तो भाग ट्रेलरच्या बाजूच्या रेषेपेक्षा ४ इंच आत आहे. ट्रेलरची पुढची भिंत आरशापासून साधारण १६ फूट मागे. तुमची नजर त्या पुढच्या कोपऱ्याला घासून जाते, म्हणजे १६ फुटांत ४ इंच बाहेर, दर ४ फुटांना १ इंच. ट्रेलरच्या शेपटापाशी झाकलेला पट्टा अर्ध्या फुटाचाच असतो, म्हणून वाटतं की दिसतंय सगळं. पण हीच रेषा २०० फुटांवर नेली तर ५० इंच बाहेर गेलेली असते, त्यातले ४ वजा, म्हणजे ट्रेलरच्या बाजूचा ४६ इंचांचा, जवळजवळ चार फुटांचा पट्टा पूर्ण आंधळा. लेन १२ फुटी असते, तुमचा ८ फुटी ट्रेलर मधोमध असेल तर बाजूला दोनच फूट उरतात, मग राहिलेले जवळजवळ दोन फूट शेजारच्या लेनमधले झाकले गेले. लेनच्या पांढऱ्या पट्ट्याजवळून येणारी मोटरसायकल किंवा ट्रेलरमागून नुकती बाहेर पडणारी गाडी तिथेच असते. माझी ती सेडान तिथेच होती.

२०० फूट हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. टेक्सास आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे कायद्यातच आहे की आरशातून मागचा निदान २०० फूट रस्ता दिसला पाहिजे. तुमच्या राज्याचा नियम बघून घ्या.

मोजायचं कसं? देवळाचं पार्किंग मंगळवारी दुपारी रिकामं असतं, आम्ही तिथेच करतो. तिथे पार्किंगची एक जागा साधारण ९ फूट रुंद असते, म्हणजे ट्रेलरच्या शेपटापासून २२ पट्टे मोजले की २०० फूट होतात. पिकअप आणि ट्रेलर एका रेषेत सरळ उभा करा, बायकोला किंवा मित्राला त्या बाविसाव्या पट्ट्यावर ट्रेलरच्या बरोबर मागे उभं करा, फोन चालू ठेवा, आणि त्यांना एक-एक पाऊल बाजूला सरकायला सांगा. ज्या पावलाला ते तुम्हाला आरशात पहिल्यांदा दिसतात तिथे थांबवा आणि ट्रेलरच्या रेषेपासून किती बाहेर आले ते मोजा. दोन फुटांच्या आत दिसले तर उत्तम. चार फूट जावं लागलं तर आरसा बाहेर हवा. उजवीकडे परत हेच. आपल्याकडे ट्रकला क्लिनर असायचा, मागे उतरून बॉडीवर हात मारत "येऊ दे, येऊ दे, बास" करायचा, ड्रायव्हरचा खरा आरसा तोच. इथे ७० मैलांच्या वेगाला तुमच्या मागे कोणी उतरणार नाही, म्हणून ही परीक्षा एकदा उभ्या गाडीवर घ्यायची.

ही मापं एका कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समधे ठेवा, खरेदीला उपयोगी पडतील.

तिसरी तपासणी: क्लिप-ऑन आरसा हलतो, घसरतो, गुणगुणतो

क्लिप-ऑन म्हणजे कंपनीच्या आरशावर पट्ट्याने किंवा क्लॅम्पने अडकवायचे ते. साधारण तीस ते ऐंशी डॉलरला जोडी मिळते, आणि वर्षातून दोन-तीन ट्रिपा करणाऱ्याला ते पुरतात, माझं मत पक्कं आहे. लोक त्यांना नावं ठेवतात कारण ते नीट बांधत नाहीत.

घसरत असेल तर आधी पृष्ठभाग. एका मित्राचा उजवा आरसा दर तासाला मान टाकायचा, त्याने तीन वेगळे ब्रँड घेऊन बघितले. मी आरशाच्या घरावरून बोट फिरवलं तर बोट तुळतुळीत झालं, गाडी धुताना प्लॅस्टिक चमकवायचं सिलिकोनचं लिक्विड तो दर वेळी आरशांनाही लावत होता. त्यावर कुठलाच रबर धरणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं, आरशाचं घर आणि आरशाचे रबरी पॅड दोन्ही पुसले, वाळू दिले, परत बांधलं. पुढच्या ट्रिपला हललाच नाही. तरीही घसरत असेल तर किचनच्या ड्रॉवरमधे घालतो ती जाळीची रबरी शीट असते ना, तिचा तळहाताएवढा तुकडा मधे घाला. डॉलर-दोन डॉलरचं काम.

पट्टा गुणगुणतो किंवा फडफडतो त्याचं कारण असं की सपाट पट्ट्यावर वारा आडवा बसला की तो तारेसारखा कंप पावतो. बांधतानाच पट्ट्याला एक पीळ द्या, सपाटपणा मोडला की आवाज जातो. उरलेलं टोक लोंबकळत सोडू नका, ते रात्रभर रंगावर आपटत राहतं आणि सकाळी दारावर पांढरी रेघ दिसते.

बांधून झालं की आरसा हाताने धरून हलवा. अख्खी गाडी थोडी डुलली पाहिजे, नुसता आरसा हलता कामा नये. दहा मैलांवर पहिल्या गॅस स्टेशनला थांबून परत एकदा आवळा, पट्टा थोडा सैल होतोच.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, क्लिप-ऑन लावलेला असताना आरसे दुमडायचं बटण दाबू नका. काही गाड्यांत लॉक केलं की आरसे आपोआप दुमडतात, ते सेटिंग आधी बंद करा. त्या छोट्या मोटरवर तेवढं वजन आलं की आतले प्लॅस्टिकचे दाते जातात, आणि मग आरसा कायमचा ढिला, थोडा वारा आला की आत. "अठराचाकी गेला की दुमडतो" या तक्रारीतल्या काही गाड्यांचं हेच झालेलं असतं.

चौथी: थरथर नेमकी कशाची आहे

इथे घाई करून पैसे वाया घालवतात लोक. थरथर चार ठिकाणांहून येऊ शकते: वर अडकवलेला आरसा, त्याखालचा कंपनीचा आरसा, आतली काच, किंवा अख्खी गाडी. वेगळं करायची पद्धत साधी आहे. ट्रेलर न जोडता, क्लिप-ऑन काढून, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाऊन बघा. तेव्हाही चित्र थरथरत असेल तर स्टिअरिंगला किंवा सीटला कंप जाणवतो का? जाणवत असेल तर टायर बॅलन्सिंग करा, आरशाला हात लावू नका. गाडी शांत आहे आणि फक्त आरसा थरथरतोय, तर गाडी उभी करून काचेच्या चारी कोपऱ्यांवर अंगठ्याने हळू दाबा. एखाद्या कोपऱ्याला टक् असा आवाज आला किंवा काच खोलगट गेली तर तिच्या मागची क्लिप सुटलीय. तळव्याने सरळ मध्यावर दाबून ती परत बसते, पण हातमोजे घाला, आणि थंडीत करू नका कारण गार प्लॅस्टिक तडकतं. काच बाहेर आलीच तर मागे हीटिंगच्या दोन वायर असतात, त्या ओढून तुटणार नाहीत याकडे लक्ष द्या.

काच घट्ट, गाडी शांत, तरी थरथरतो? मग आरसा गरजेपेक्षा जास्त बाहेर ओढलाय का बघा. हात जितका लांब तितका तो हलणार. लोक पूर्ण बाहेर ओढून ठेवतात, "जास्त म्हणजे चांगलं" समजून. पार्किंगमधली परीक्षा परत करा आणि माणूस दोन फुटांत दिसेल तेवढाच बाहेर ठेवा. इंच-दीड इंच आत घेतल्याने चित्र एकदम स्थिर झालेलं मी कितीतरी वेळा बघितलंय.

आणि वेग. वेस्ट टेक्सासमधे आय-१० वर ८० ची पाटी आहे म्हणून ट्रेलरने ८० ने जायचं नसतं. ट्रेलरच्या एसटी (खास ट्रेलरसाठी बनवलेल्या) टायरना स्वतःची वेगमर्यादा असते, बऱ्याच जुन्या टायरना ६५ ची, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५. साठ-बासष्टला चला, निम्मी थरथर तिथेच संपते, शिवाय पेट्रोल वाचतं.

आता खरेदी, इथपर्यंत येऊनही दिसत नसेल तरच

काच सपाट घ्यायची का फुगीर? डावीकडे मुख्य काच सपाट, हवं तर खाली छोटी फुगीर. सपाट काचेत अंतर खरं दिसतं. फुगीर काचेत जास्त रस्ता मावतो पण सगळं लहान, म्हणजे लांब वाटतं, म्हणूनच इथल्या गाड्यांच्या उजव्या आरशावर ती इंग्रजी ओळ कोरलेली असते की वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. ट्रेलर ओढताना ही चूक महागात पडते कारण तुम्हाला नुसत्या गाडीची नाही, मागच्या २६ फुटांची जागा हवी असते. मी उजवीकडे वर सपाट आणि खाली फुगीर असा दोन काचांचा आरसा वापरतो. फुगीर काचेत कोणी आहे का एवढंच बघायचं, आणि परत लेनमधे यायला जागा आहे का ते सपाट काचेत, ओव्हरटेक केलेल्या गाडीचे दोन्ही हेडलाइट सपाट काचेत पूर्ण दिसेपर्यंत आत यायचं नाही. रात्री क्लिप-ऑनच्या काचेला आपोआप मंद व्हायची सोय नसते, मागच्याचा झोत थेट डोळ्यात येतो, रात्रीचा प्रवास जास्त असेल तर हा मुद्दा धरा.

प्रकार मुळात तीन. सगळ्या गाड्यांना बसणारे पट्ट्याचे, त्यांचं वर झालं. दुसरे मोज्यासारखे वरून चढवायचे, ते तुमच्या मॉडेल आणि वर्षाप्रमाणेच येतात आणि नीट बसले तर पट्ट्याच्या आरशापेक्षा बरेच स्थिर असतात. घेण्याआधी फक्त एवढं बघा की तुमच्या आरशात असलेला ब्लाइंड स्पॉटचा दिवा, सिग्नल किंवा कॅमेरा त्याखाली झाकला जात नाहीये ना. तिसरे, कंपनीचा अख्खा आरसा काढून त्या जागी बाहेर ओढता येणारा टोइंग मिरर बसवणं. महिन्यातून एकदा तरी ट्रेलर काढणारे असाल, किंवा ट्रेलर १०२ इंची असेल तर माझा सल्ला हाच. बाहेरच्या कंपन्यांची जोडी काहीशे डॉलरला मिळते, डीलरकडची त्याच्या कितीतरी पट. स्वस्तातल्या जोडीचा मला वाईट अनुभव आहे, घर छान दिसत होतं पण काचेची मागची प्लेट इतकी पातळ की पन्नासलाच थरथर सुरू, परत पाठवली. सॅल्व्हेज यार्डमधून, म्हणजे भंगारातल्या गाड्यांच्या आवारातून, त्याच मॉडेलच्या गाडीचे मूळ आरसे मिळाले तर ते नक्की बघा, मी शेवटी तेच केलं.

अख्खा आरसा घेताना कनेक्टर जुळवा. आताचा आरसा नुसता आरसा नसतो, त्यात हीटिंग, सिग्नल, खाली जमिनीवर उजेड पाडणारा लाइट, मेमरी, दुमडायची मोटर, कधी कॅमेरा, आणि प्रत्येकाच्या वायर वेगळ्या. गाडी तीच, वर्ष एक पुढे-मागे, आणि पिना जुळत नाहीत असं होतं. डीलरच्या पार्ट्स काउंटरवर व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन नेमका पार्ट नंबर लिहून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत.

मागे कॅमेरा लावला की आरसा नको असं काही जण म्हणतात. नाही. कॅमेरा चिखलाने माखतो, पावसात धूसर होतो, आणि वरचा २०० फुटांचा नियम आरशासाठीच आहे. जोडीला असू दे, मीही वापरतो. बऱ्याच ट्रेलरांत त्या कॅमेऱ्याची वीज मागच्या दिव्यांच्या वायरवरून घेतलेली असते, त्यामुळे दिवसा कॅमेरा लागत नसेल तर आधी हेडलाइट चालू करून बघा.

स्वतः बसवताय तर

काम अवघड नाही पण चिकाटीचं आहे, पहिल्या दाराला मला तीन तास लागले, दुसऱ्याला एक. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि थोडा वेळ थांबा, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दारातच असतो आणि त्याचा कनेक्टर निघालेला असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागतो. पॅनल काढलं की आत प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला दिसेल, तो फाडू नका, एका कडेने सोडवा आणि परत तसाच नीट चिकटवा. तो दारातलं पावसाचं पाणी अडवतो, उघडा राहिला तर महिन्याभरात कार्पेट ओलं. आरशाचे नट सोडवताना खाली फडकं कोंबा, नट दाराच्या पोटात पडला की अर्धा तास गेला. नवीन आरसा लावल्यावर पॅनल बसवण्याआधी बॅटरी जोडायची असेल तर दारातले सगळे कनेक्टर जागेवर आहेत ना ते बघून घ्या, मग सिग्नल, हीटिंग, काचेची हालचाल सगळं तपासा.

नंतर शिट्टी वाजली तर आरशाच्या बुडाशी चारी बाजूंनी निळी पेंटर्स टेप लावून एक चक्कर मारा. आवाज गेला म्हणजे फोमची गॅस्केट दुमडलीय, उघडून सरळ करा. आवाज तसाच असेल तर तो आरशाच्या आकाराचाच आहे, सवय होते.

कुठे थांबायचं आणि माणूस बोलवायचा

एअरबॅगचा दिवा लागला, तिथेच थांबा. फ्यूज बदलला आणि परत उडाला, तर तिसरा टाकू नका, दाराच्या वायरिंगमधे कुठेतरी शॉर्ट आहे आणि ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. सिग्नल फास्ट ब्लिंक होतोय किंवा ब्लाइंड स्पॉटचा मेसेज जात नाहीये आणि कनेक्टर दोनदा तपासून झालाय, तर गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन आरशाची ओळख करून द्यावी लागेल, ते डीलर किंवा तसं सॉफ्टवेअर असलेला मेकॅनिक करतो. आरशात कॅमेरा असेल तर बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन लागतं, तेही त्यांच्याकडेच. आरसा कशाला तरी आपटून दाराचा पत्राच वाकला असेल, तर बॉडी शॉप, तिथे वॉशर घालून जुगाड करू नका, ६० मैलांच्या वाऱ्यात तो आरसा मागच्याच्या काचेवर जाऊ शकतो.

आणि आरशात ट्रेलर शेपटीसारखा हलताना दिसला तर आरसे-बिरसे सगळं विसरा. जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंगने त्याला सरळ करायला जाऊ नका. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक कंट्रोलर (गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक लावायचं उपकरण) असेल तर त्याचा हाताचा लिव्हर हळूच दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा, आणि शांत झाल्यावर पहिल्या एक्झिटला बाहेर पडा. मग सामान पुढे-मागे कसं भरलंय ते बघा, बॉलवर १० टक्क्यांपेक्षा कमी वजन येत असेल तर मागे जास्त भरलंय. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, थोड्या डॉलरांत प्रत्येक अॅक्सलचं वजन छापून देतात, ते घ्या. सामान पुढे घेऊनही हलत असेल तर हिच बसवणाऱ्या प्रोफेशनलला दाखवल्याशिवाय तो ट्रेलर परत हायवेवर नेऊ नका.

तुमची गाडी, तिचं वर्ष, ट्रेलरची रुंदी आणि पार्किंगमधे माणूस किती फुटांवर दिसला हे चार आकडे पाठवलेत तर मी नक्की बघून सांगीन.